केस खुंटीवर, एप्रन अंगावर

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंगाचं पाणी प्यायले! चहाचा कप समजून उचलला, चांगला मोठा घोट घेतला, आणि सगळी पोरं अशी हसली की छताचे पाइप हलले. हिरवा रंग. जीभ संध्याकाळपर्यंत हिरवी. पहिल्याच दिवशी नाव पडलं — पोपटताई.

चला, नाव तर पडलं. कॉलेजने इंटर्नशिपसाठी इथे पाठवलं तेव्हा आई म्हणाली होती, "गुन्हेगार मुलांना चित्रकला? तुला स्वतःचं कपाट लावता येत नाही!" मी तिला सुनावलं, गुन्हेगार म्हणायचं नसतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं म्हणायचं. ती म्हणाली, "एवढं म्हणून होईपर्यंत पर्स गेलेली असेल."

जागा म्हणजे जुनी धुलाईची शेड. पूर्वी इथे हॉस्पिटलच्या चादरी धुवायचे. फरशीला उतार, मधोमध जाळीची नाली. कितीही रंग सांडा, पाणी मारलं की साफ. कोर्टाने पाठवलेली मुलं मंगळवारी आणि गुरुवारी येतात. दांडी मारली की कोर्टाला कळतं, त्यामुळे आमच्या कॉलेजपेक्षा हजेरी चांगली.

सगळा कारभार बाईंचा. नाटकांचे पडदे रंगवण्यात आयुष्य गेलं त्यांचं, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. दाराशी खुंट्या आहेत, प्रत्येकाची वेगळी. जॅकेट टांगायचं, एप्रन घालायचा. बाईंनी मला पहिलं वाक्य हेच ऐकवलं — "केस खुंटीवर, एप्रन अंगावर! कोणी काय केलं ते विचारायचं नाही. फाइल वाचायची नाही. कोणी सांगायलाच लागलं तर हातात ब्रश द्यायचा. या पोरांना जो भेटतो तो तोच प्रश्न विचारतो. निदान एका जागी तरी त्यांना त्यातून सुटका हवी."

किती सुंदर नियम!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोघांची ओळख झाली. एक रेडिओ — सतत चालू. ब्रश धुतानाही बोलतो. दुसरी मुंगी. सोळा वर्षांची, एवढीशी, बोलणं जवळजवळ नाहीच. नाव रेडिओनेच ठेवलंय, कारण ती सगळं मुंगीएवढं काढते. मोठा कागद दिला तरी कोपऱ्यात जाऊन बसते. आज तिने एक बटण काढलं. नुसतं शर्टाचं बटण — पण त्यातला दोरा एका बाजूने उसवलेला! मी बघतच राहिले. चार वर्षं कला शिकतेय, मला असं बटण जन्मात काढता येणार नाही.

बाईंना म्हटलं, हिला हात आहे. बाई म्हणाल्या, "हात नाही, डोळा आहे. हात काय, तुलाही आहे." धन्यवाद बाई!

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा पाठ माझा. पूर्ण माझा! "डोळे मिटा. तुम्हाला पाठ असलेली एक खोली आठवा. आता ती काढा."

रेडिओने पोलिसांची गाडी काढली. अरे, खोली काढ म्हटलं होतं ना? तर म्हणे, "ताई, एवढा वेळ मी घरातसुद्धा बसलेलो नाही." सगळे हसले. मीही हसले. मग हसू नको होतं असं वाटलं.

मुंगीने पहिल्यांदाच पूर्ण कागद वापरला. बैठकीची खोली. लंबकाचं घड्याळ, झालर लावलेले पडदे, काचेच्या कपाटात चिनी मातीची हरणं — एकाचं शिंग तुटलेलं. दोन खुर्च्या. एकीची गादी खोल गेलेली, दुसरीची फुगलेली. म्हणजे त्या घरात दोन खुर्च्या आहेत पण बसणारं माणूस एकच आहे. हे तिने नुसत्या गाद्यांवरून सांगितलं!

"मावशीचं घर का ग?" असं तोंडातून निघून गेलं. ती मावशीकडे राहते, एवढं मला माहीत आहे. तिने खांदे उडवले. मला नियम आठवला आणि मी पुढच्या टेबलाकडे वळले. उजवीकडचा कोपरा मात्र तिने कोरा सोडलाय. पुढच्या वेळी त्याचं बघायला हवं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं त्यासाठीच मी या क्षेत्रात आले. लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी वाचता येईल.

मुंगीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "सगळी खोली जिवंत आहे आणि हा कोपरा मेलेला. इथे काय होतं? आठव." तिने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग एकदम विचारलं, "ताई, चित्रात आवाज कसा दाखवायचा?"

काय प्रश्न आहे! मी सुटलेच. रेघांची लय, पुन्हा पुन्हा येणारे आकार, मोकळी जागा — एका श्वासात जेवढं येतं तेवढं सगळं सांगितलं. रेडिओसुद्धा ऐकायला आला. मुंगीने ऐकून घेतलं आणि खाली मान घालून कोपरा भरायला लागली. दोन फळ्यांचं दार. दाराला दोन मुठी, आणि त्या दोन मुठींतून आरपार घातलेली एक काठी. म्हातारी माणसं धरतात तशी, वाकड्या मुठीची. मुठीवर कापडाची पट्टी गुंडाळलेली.

ती तिरकी रेघ! अख्ख्या चित्राला तिने धरून ठेवलं. मी ओरडलेच — वा! मग तिला काठीची सावली दारावर कशी पडेल ते दाखवलं, तिच्या हातावर हात ठेवून. काम संपलं तेव्हा ती घामाघूम झाली होती. खरी कलाकार!

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा आमच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "आता काय दिसतं? आणि आता?" करत असतात, त्यामुळे त्यांना कुणाच्या डोळ्याचं कौतुक चटकन पटतं. म्हणाले, चांगली चौकट मी करून देतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगीची तारीख लागली, ६ मार्च. सध्या ती जामिनावर मावशीकडे आहे. बाई म्हणाल्या, आपल्याकडून तिचं काम आणि शिफारस जाईल. तिच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी आपला अहवाल देतील. सगळं नीट झालं तर ती मावशीकडेच राहील. नाही झालं तर अठरा पूर्ण होईपर्यंत मुलींच्या बंद गृहात. दोन वर्षं!

शनिवारी प्रदर्शन आहे, अधिकारी तिथेही येणार. मी ठरवलंय, खोलीचं चित्र अगदी दारासमोर लावायचं. बघू कोण नाही म्हणतं.

संध्याकाळी मावशी तिला न्यायला आल्या. बस डेपोत गाड्या झाडायचं काम करतात. माझा हात धरून म्हणाल्या, "आईमागे मीच वाढवली हो हिला. माझा पोरगा आत आहे, त्याच्या नादाने ही पण अडकली. पण ही बाहेर होती, फाटकाशी. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही पोरीने!" मी म्हटलं, मावशी, ते राहू द्या, चहा घ्या. नियम म्हणजे नियम.

मुंगी तिथेच उभी होती. एप्रनची गाठ सोडत होती, ती सुटत नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते.

प्रदर्शन छान चाललं होतं. शेजारपाजारचे लोक, रेडिओ सगळ्यांना माहिती देत फिरतोय, बाबांची चौकट झकास. अधिकारी आले. पोक्त माणूस, गुडघ्याला पट्टा, सगळ्या मुलांना अहो-जाहो करतात. मुंगीच्या चित्रासमोर थांबले. खिशातून दुसरा चष्मा काढला.

"हे कुणाचं?"

"मुंगीचं!" मी पुढे.

"ती काठी — तिने स्वतःहून काढली?"

आणि मी, शहाणी, म्हणते कशी — "नाही ना! कोपरा कोराच होता. मी तिला आठवायला लावलं!" मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कॉलर असती तर ताठ केली असती.

ते हळूच म्हणाले, "तुम्ही केस वाचली नाही का?"

"आमच्याकडे वाचत नाहीत."

ते खुंट्यांखालच्या बाकावर जाऊन बसले. चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही. मग बाईंना रंगांच्या खोलीत बोलावलं. थोड्या वेळाने बाईंनी मला.

एक आजी. एकट्या राहणाऱ्या. भरदुपारी मुंगीचा मावसभाऊ आणि त्याचा दोस्त घरात शिरले. आजींना आतल्या खोलीत ढकललं आणि त्यांचीच काठी बाहेरून दाराच्या मुठींत अडकवली. सामान घेऊन गेले. आजी दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तोवर आत. जिवंत आहेत, पण आता घरातलं कुठलंच दार लावू देत नाहीत. संडासचंसुद्धा.

मुंगीचा जबाब — मी फाटकाशी होते. आत गेले नाही, काही पाहिलं नाही, आत कोणी आहे हेही माहीत नव्हतं.

आणि दारासमोर, चौकटीत, वर दिवा लावून, मी तिचा डोळा टांगला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. जेवले नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन आले. बाईंना न सांगता. आत जाण्याआधी सगळं पाठ केलं होतं. साहेब, चित्र म्हणजे पुरावा नव्हे. साहेब, कल्पना असू शकते. साहेब, भावाने सांगितलं असेल.

ते म्हणाले, "भावाने हरणाचं तुटकं शिंग सांगितलं असेल? मुठीवरची कापडाची पट्टी?"

मी म्हटलं, तुम्ही पाहिलंच नाही असं समजा. आजच्या आज फाडून टाकते.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी त्या आजींना भेटलोय हो. त्यांना विचारावंसं वाटतं — आत असताना काय केलंत? पण विचारवत नाही. आणि या पोरीलाही मी चांगला ओळखतो. मला काय आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला? पण पाहिलं ते पाहिलं." मग ग्लास पुढे केला, "पाणी घ्या."

एवढ्या सभ्य माणसाशी भांडायचं तरी कसं? रस्त्यात रडले. एका फळवाल्याने विचारलं, ताई, लागलं का कुठे?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चित्र भिंतीवरून काढून बाईंनी कपाटात ठेवलंय. कोर्टाने मागवलंय. मी चौकट हातात घेतली, मागचे खिळे उचकटायला लागले. कागद नालीवर धरायचा, पाणी सोडायचं, संपलं. पेन्सिल आहे, तरी लगदा होईल.

बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "कर. मग कोर्टात विचारलं की सांगू, पोपटताईने गिळलं."

मी किंचाळले. तुमचा नियम! वाचायचं नाही, विचारायचं नाही! मला माहीत असतं तर मी ते चित्र टांगलं असतं का? आमची अक्कलही खुंटीलाच टांगली होती आम्ही!

वाटलं, आता बाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणार. त्या उलट्या बादलीवर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "शिव्या घालायच्या तर मलाच घाल," म्हणाल्या. "पण ही पोरं मला सांगतात बाई, इथे झोप लागते. आता मी काय करू? उद्यापासून विचारायला लागू?"

दोघींनी मिळून खिळे परत ठोकले.

१ मार्च, शनिवार

मावशी आल्या. वर्ग नसताना, मुद्दाम. मी एकटीच ब्रश लावत होते.

"काय गोड बोललात हो! चहा काय पाजलात! पोरगी दोन दिवस ठाण्यात होती, पोलिसांनी काय काय विचारलं, तोंड उघडलं नाही तिने. आणि पोलिसांना जमलं नाही ते तुम्ही रंगपेटी देऊन करून घेतलंत!"

मी म्हटलं, मावशी, मला माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं तर कशाला बोट घातलंत? आता माझा पोरगा पण गेला, पोरगी पण गेली. काठी त्या दोस्ताने घातली, पोरगी फाटकाशीच होती, असं वकील सांगणार होता. आता?"

पोटात शिरून पाय पसरलेत तुम्ही, असं म्हणाल्या. बरोबरच म्हणाल्या. जाताना दाराशी थांबल्या, मुंगीच्या खुंटीवरचा रुमाल काढला, घडी घातली, पदरात घेतला. काय बोलायचं अशा वेळी? कोणी शिकवतं का कुठे?

४ मार्च, मंगळवार

मुंगी आली. काढलं काहीच नाही. सगळ्यांचे ब्रश धुतले. एकेक केस सरळ करून.

मी शेजारी उभी राहून म्हटलं, "मुंगी, चुकलं माझं."

"हं," म्हणाली. माझ्याकडे पुन्हा तसंच पाहिलं, कोपऱ्याच्या दिवशी पाहिलं होतं तसं. काही म्हणणार असं वाटलं. मला ते ऐकायची भीती वाटली — शिव्या देईल, रडेल, काय करेल. मी पटकन म्हटलं, "काढायचंय का काही? नवीन कागद आणलेत." तिने मान हलवली आणि नळ सोडला.

रेडिओ पूर्ण वेळ बंद. हे सगळ्यात वाईट.

६ मार्च, गुरुवार

न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती. सारख्या नाक पुसत होत्या. एवढंच आधी का आठवतं कुणास ठाऊक.

छोटी खोली, साधी टेबलं. मला वाटलं होतं मी बोलेन. पाच मुद्दे तयार होते. आमच्या बाईंची शिफारस वाचली गेली. अधिकाऱ्यांनी अहवाल दिला, त्यांचा आवाज बसला होता. मी उभी राहिले तर कारकून म्हणाला, "तुम्ही कोण? बसा." बसले. झाली माझी साक्ष!

चित्र टेबलावर ठेवलं. बाबांच्या चौकटीत. न्यायाधीश बाईंनी बराच वेळ पाहिलं. मुंगीच्या वकिलाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं — बोलू नकोस, असंच असणार. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, बाळा. पण ही खोली कुठली आहे?"

"त्या आजींची."

लगेच म्हणाली! विचार न करता. एवढा मोठा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. मावशी मागून "अगं!" म्हणून ओरडल्या.

"काठी कोणी घातली?"

"दादाने घातली. तो पुढे गेला. मी मागे होते. मी काढली नाही."

बस, एवढंच. बंद गृह, अठरा पूर्ण होईपर्यंत. तिथूनच नेलं. ती वळून बघेल म्हणून मी थांबले. तिची मान सरळ होती. मावशी बाकावर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी हात वर केला. पुढे येऊ नको म्हणून.

८ मार्च, शनिवार

बाबांनी संध्याकाळी दुकानात बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं. मला खुर्चीत बसवलं, ती लोखंडी चौकट नाकावर ठेवली आणि काचा घालायला लागले. "आता काय दिसतं?"

"काही नाही, बाबा."

"आणि आता?"

मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. त्यांनी काचा काढल्या नाहीत. सगळं धूसर, फुगलेलं दिसत होतं. म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का? चांगलं करायला गेलीस." चांगलं करायला गेलेल्या माणसाने किती वाट लावायची याला काही मर्यादा?

११ मार्च, मंगळवार

नवीन मुलगी आली. बाईंनी तिला मुंगीची खुंटी दिली नाही, दुसरी ठोकली. नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, अर्ध्यावर थांबल्या. "एप्रन घाल," एवढंच म्हणाल्या.

इंटर्नशिप सोडते असं कॉलेजला कळवायचं होतं. कळवलं नाही. सोडून तरी कुठे जाणार?

१८ मार्च, मंगळवार

अधिकाऱ्यांचा फोन. गुरुवारी भेट मिळेल, मावशींची हरकत नाही. उलट मावशी त्यांना म्हणाल्या म्हणे, "तिनेच पोपटताईला बोलवा म्हटलंय."

का बोलावलंय? थुंकायला असेल तर बरं. माफी कशी मागायची ते पाठ करतेय.

२० मार्च, गुरुवार

टेबलापलीकडे ती, केस कापलेले. मी सुरू केलं — कोपरा भरायला लावला, माफ कर. ती म्हणाली, "ताई, कोपरा मी मुद्दाम कोरा ठेवला होता. तुम्ही विचाराल म्हणून. मग काठी काढली. वाटलं, आता तरी विचारतील, आत कोण आहे? तर तुम्ही सावली शिकवलीत."

"आणि आवाज?"

"तो कसला, ते पण नाही विचारलंत."

मी विचारलं. आज, आत्ता. ती टेबलावर बोटांच्या मागच्या बाजूने वाजवायला लागली — हळू, एकसारखं, बंद दार आतून वाजवतात तसं. भेटीची वेळ संपली असं कोणीतरी दोनदा सांगून गेलं, तरी ती वाजवतच होती.